बुरशीचं स्टूल आणि सासूबाई

माझ्यामुळे माझ्या सासूबाई साधारण एक फूट खाली गेल्या.

त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं. त्यानंतर त्या ठाण्याहून आमच्याकडे कोपरला राहणार होत्या. आंघोळीला उंच स्टूल लागणार, आणि मी नेमकं घरातलं सगळं प्लास्टिक भंगारात घातलेलं!

"आणा की दुकानातून नवीन," बायको, सुनीता, म्हणाली.

"प्लास्टिक? नाही! मी स्टूल उगवणार!"

(म्हणजे खरंच उगवणार. हल्ली शास्त्रज्ञ अळंबीच्या बुरशीपासून पॅकिंग, विटा, खुर्च्यासुद्धा करतात, हे मी मोबाईलवर पाहिलेलं. पेंढ्यात अळंबीचं बियाणं मिसळायचं, साच्यात दाबायचं, बुरशीचे धागे सगळं घट्ट बांधतात.)

टिटवाळ्याच्या मावसभावाकडून पोतंभर पेंढा आणला. तो सुनीताच्या मोठ्या पातेल्यात उकळला. घरभर गोठ्याचा वास! पण तीन आठवड्यांनी बादलीच्या साच्यातून पांढरंशुभ्र, टणक स्टूल निघालं. आता फक्त भाजून आतली बुरशी मारायची आणि वरून मेणाचा थर द्यायचा. पण ओव्हनमध्ये स्टूल मावेना! मग चार दिवस गच्चीत उन्हात ठेवलं. मेण राहूनच गेलं.

सासूबाई आल्या. दोन दिवस झकास गेले. तिसऱ्या दिवशी स्टुलाच्या बुडाशी चार गोंडस अळंब्या!

"अहो, जिवंत आहे ते!" सुनीता किंचाळली.

मी अळंब्या खुडल्या आणि स्टूल परत जागेवर ठेवलं. सुनीता भाजीला गेली, सासूबाई आंघोळीला.

"जावईबापू!" आतून हाक आली. "स्टूल बसतंय!"

"बसायचंच आहे, आई!"

"मी नाही हो, ते बसतंय!"

दार उघडावं तर पंचाईत, न उघडावं तर गुडघा!

"आई, नळ धरा!"

"नळ वर गेला!"

"नळ नाही आई, तुम्ही..."

"कळतंय मला!"

मी शेजारच्या पाटीलकाकूंचं दार बडवलं. काकू मूळच्या इथल्याच. "काय झाला रं?"

"आई खाली चालल्यात!"

"खाली कुठं? आपला तर तलमजला हाय!"

पण आत शिरून त्यांनी सासूबाईंना अलगद उचललं. मी बाहेर दाराशीच उभा. गुडघ्याला काही झालं असतं तर? थोड्या वेळाने सासूबाई गाऊन घालून बाहेर आल्या. "वाचला गुडघा," एवढंच म्हणाल्या.

दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. मी पुन्हा पेंढा आणला! (मधल्या काळात पाटीलकाकूंचं प्लास्टिकचं स्टूल घरात आलं. मी त्याच्याकडे बघतही नव्हतो.) या वेळी स्टूल बेकरीच्या भट्टीत नेलं. "साब, केक है क्या?" बेकरीवाल्याने विचारलं. मग मेणाचे तीन थर दिले.

"आधी मी बसणार!" मी जाहीर केलं. "तासभर! शॉवरखाली!"

बनियन-बर्मुडा घालून बसलो. दारात सुनीता घड्याळ घेऊन उभी. तासाभरात स्टूल तसूभर हललं नाही!

"झाला तास. उठा आता."

"उठता येत नाहीये." दोन्ही पायांना मुंग्या आलेल्या!

शेवटी वॉकर आत सरकला. सासूबाईंचा. तो धरून मी हॉलपर्यंत आलो, आणि मागून, भिंतीचा आधार घेत, सासूबाई धीर देत होत्या, "आधी डावा पाय, जावईबापू! सावकाश. पहिल्या दिवशी मलाही असंच झालेलं!"