जाण्याचं क्रियापद

कार्डिफला आमच्या शेजारी बोस्नियाच्या एक बाई राहायच्या. युद्धात घर सोडून आल्याला तेव्हा दहाएक वर्षं झाली असतील. मुलगी शाळेत गेली की मी चिवड्याचा डबा घेऊन त्यांच्याकडे जायची, त्या कॉफी करायच्या आणि आम्ही एकमेकींना आपापली भाषा शिकवायचो. पहिलंच क्रियापद त्यांनी जाण्याचं शिकवलं. इदेम म्हणजे मी जाते, इदेश तू जातेस, इदे ती जाते. मग इदेमो, इदेते, इदू. आम्ही, तुम्ही, ते. मी पाढ्यासारखं घोकलं.

आमच्याकडून निघताना त्या "इदेम" म्हणायच्या. मी लगेच टोकायची, "जाते नाही हो, येते म्हणायचं. आमच्यात जाते म्हणत नाहीत."

एकदा त्या शांतपणे म्हणाल्या, "माझा भाऊ इदेम म्हणून गेला. येतो म्हणाला असता तरी आला नसता. खात्री नसताना मी कसं म्हणू?"

त्यानंतर मी टोकणं सोडलं. भीती काही सुटली नाही. एवढी शिकलेली मी, पण मांजर आडवं गेलं की थांबते.

त्याच वर्षी आमच्या सहा वर्षांच्या मुलीच्या हृदयाला भोक निघालं. ऑपरेशन ब्रिस्टलला, नदीवरचा मोठा पूल ओलांडून. त्या सकाळी निघताना हातावर दही-साखर ठेवायची, तर पोरीला उपाशी न्यायचं होतं. दही फ्रिजमध्येच राहिलं. शेजारणीने मात्र आमच्या पाठीमागे दारात भांडंभर पाणी ओतलं. काम पाण्यासारखं सरळ व्हावं म्हणून त्यांच्याकडे असं करतात. मग त्याही गाडीत बसल्या.

भूल द्यायच्या खोलीत फक्त मला सोडलं. मास्क जवळ आला तशी मुलगी हात हलवून म्हणाली, "ओके आई, मी जातो."

मुलगी असून जातो, हे नेहमीचंच. पण आज ते जाणं मला ऐकवेना. शुभ बोल रे नाऱ्या!

"येते म्हण," मी म्हणाले.

"बट आय अ‍ॅम गोइंग, आई."

"येते म्हण ना गं!" मी ओरडलेच. ती काही बोलायच्या आत तिचे डोळे मिटले. नर्सने मला दंडाला धरून बाहेर आणलं.

बाहेर नवरा येरझाऱ्या घालत होता. मी इतकी घाबरले होते की देवाचं नावही आठवेना. तोंडात तेच येत होतं, इदेम, इदेश, इदे, आणि इदेपाशी जीभ अडायची. शेजारणीने माझा हात घट्ट धरला होता.

"येईल ना ती?" मी विचारलं. त्या हो म्हणाल्या नाहीत. मला त्यांचा भयंकर राग आला. अशा वेळी खोटं तरी बोलावं माणसानं!

दुपार उलटल्यावर सर्जन आले. सगळं नीट झालं होतं. नवरा खुर्चीत बसून रडला; मला रडूही येईना. संध्याकाळी मुलीने डोळे उघडले आणि माझं बोट धरलं.

शेजारणीला ट्रेनने परतायचं होतं. त्यांनी कोट चढवला, दारापर्यंत गेल्या, थांबल्या आणि वळून मुलीकडे पाहिलं.

"येते," त्या मराठीत म्हणाल्या.

"या," मी म्हणाले, आणि मग मला रडू आवरेना.