आत्यानं बघितलेला कुत्र्याचा सिनेमा

माझी आत्या गुडघ्याच्या ऑपरेशनला नाही म्हणत होती, आणि तिचं नाही म्हणजे नाहीच. माण तालुक्यातल्या तिच्या गावाहून आम्ही तिला मोठ्या मिनतवारीनं सांगलीला आणली, डॉक्टरांना दाखवली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन केलं नाही तर लवकरच अंथरूण धरतील. आत्या तिथंच त्यांना म्हणाली, "धनी गेलं, मेंढरं इकली. आता चालत जायचं कुठं मला?" घरी येऊन मी आधी तिच्यावर चिडले, मग मोरीत जाऊन रडले.

रविवारी दुपारी तिचा जीव रमावा म्हणून मी टीव्हीवर एक जुना सिनेमा लावला. इमानी कुत्र्याचा, इंग्रजी, हिंदीत केलेला. लहानपणी मी त्याची पारायणं केली होती. आत्याला हिंदीची बोंब, पण कुत्रं बरोबर कळतं. हयात मेंढरांमागं गेलीय तिची. पाच मिनिटांत ती टीव्हीशी भांडायला लागली.

"आगं, ह्ये काय कुत्रं म्हणायचं? मेंढरांच्या मदनं पळतंय! कडंनं जा की मुडद्या, कडंनं!"

"आत्या, त्याला ऐकू येत नाही."

"मग कसलं डोंबलाचं इमानी?"

माझा नवरा झोपेतून उठून बाहेर आला, तर त्यालाही तिनं शेजारी बसवून घेतलं. "आवं जावईबापू, बघा बघा, साबण लावून आंघुळ घालत्यात कुत्र्याला! लांडग्याचा वास कसा यायचा त्याला?" नवरा हसता हसता सोफ्यावरून खाली घसरला. माझ्या तर पोटात दुखायला लागलं.

पुढं सिनेमातला मालक शहरात निघून जातो आणि कुत्रं फाटकाशी बसून राहतं. हे मी साफ विसरले होते! आत्या सोफ्यावर पुढं सरकली. तिचं कुत्रंही गावाकडं धाकट्या जावेपाशी ठेवलेलं. मी रिमोट शोधायला लागले.

"ऱ्हाऊ दे त्ये," ती म्हणाली. "फोन लाव माज्या जावंला. तोंड दिसतंय तसला."

जाऊबाईंनी फोन कुत्र्यासमोर धरला. त्यानं तो हुंगला आणि दुसरीकडं तोंड फिरवलं. आत्याला ते सोसेना. तिनं छाती भरून घेतली आणि त्याला ओळखीची असलेली एकच हाक मारली, दिवस मावळताना मेंढरं घरी आणायची: "हुर्रर्रर्रऽऽ हेऽऽऽ!" आमच्या बिल्डिंगमधल्या वरच्या खिडक्या धडाधड उघडल्या. तिकडं कुत्र्याचे कान ताठ झाले आणि ते सुसाट निघून गेलं.

मग फोनवर जो काय धुमाकूळ! जाऊबाई पळतायत, आम्हाला कधी आभाळ दिसतंय, कधी त्यांची चप्पल. मागून बायका ओरडतायत. शेवटी फोन स्थिर झाला, आणि बघतो तर काय, भर दुपारी गल्लीतल्या सगळ्या शेळ्या, कुणाचं तरी वासरू आणि पाच-सहा कोंबड्या आत्याच्या रिकाम्या वाडग्याकडं, मेंढरं कोंडायच्या कुंपणाकडं चाललेल्या, मागं टॉवेलवर पळणारा एक बाप्या, "आरं, माज्या शेळ्या सोड की!" म्हणून बोंबलणारा. कुत्रं त्याला हिंगलत नव्हतं. एका शेळीच्या तोंडात कुणाचा तरी वाळत घातलेला परकर होता.

"बग, कडंकडंनं पळतंय!" आत्या टाळ्या पिटत होती. "ह्याला म्हणत्यात कुत्रं!"

आम्ही तिघंही हसून हसून रडलो. तिकडं जाऊबाईही हसत होत्या. मग त्यांचा आवाज जरा बदलला. "आक्का, म्या वाडग्याचं कवाड लावलं. पाठीवर थापटलं. तरी ह्ये बसंना बगा. तुमीच कवाड लावायचा न्हवं रोज."

फोनमध्ये कुत्रं कवाडापाशी उभं होतं. आत शेळ्या कालवा करत होत्या, ते मात्र वाटेकडं बघत होतं.

आत्यानं पदरानं तोंड पुसलं. मला वाटलं, आता ही गावाला जायचा हट्ट धरणार.

"त्या डाक्टरला फोन लाव," ती म्हणाली.

"आत्ता? आत्या, आज रविवार आहे."

"आसू दे. त्याला म्हणावं, गुडघा काप बाबा लवकर. तितं हुबं हाय त्ये माजं."