रिकामं बसलेलं कार्ड

मुलीने माझ्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये नवं, दणकट ग्राफिक्स कार्ड बसवलं आणि गेम लावला, तर चित्र अडखळायलाच लागलं. पडद्याच्या कोपऱ्यात दोन आकडे दिसत होते. प्रोसेसर शंभर टक्के, कार्ड चाळीस.

"मग चित्राचा दर्जा कमी कर," मी सुचवलं.

मुक्ता हसली. "बाबा, त्याने कार्डाचं काम कमी होईल. ते तर आधीच रिकामं बसलंय! प्रोसेसर काम पुरवेल तेव्हाच ते चित्र काढणार. अडलंय ते तुमच्या म्हाताऱ्या प्रोसेसरपाशी."

लग्नानंतर बायकोलाही मी असंच सुचवलं होतं. जागा लहान आहे, चित्रं लहान काढ. वीस वर्षं वसुधा वहीच्या कागदाएवढी चित्रं काढते आहे. खरं सांगायचं तर जागा होती. लोक तिची चित्रं बघायला येतील आणि मी नुसता चहा विचारणारा नवरा उरेन, ही भीती माझी होती.

मुक्ताने दर्जा उलट वाढवला. चित्र लख्ख झालं आणि वेग जराही घटला नाही. इतका वेळ थांबूनही कार्डाचा जोर तसाच होता.

मी उठलो आणि हॉलमधलं माझं पुस्तकांचं कपाट ओढायला लागलो.

"अहो, हे काय?" वसुधा बाहेर आली.

"ही भिंत तुझी. जागा नाही म्हणालो ते खोटं होतं. मी घाबरलो होतो."

भिंतीपाशी जाऊन तिने दोन्ही हात पसरून माप घेतलं.

"अजून सरकवा," ती म्हणाली.