तक्त्यातली लाल ओळ
भाजलेल्या काजूचा वास आला की वेंगुर्ल्यातलं आमचं ऑफिस आठवतं. खाली काजूचा कारखाना, वर आम्ही पाच जण लांबच्या एका इस्पितळासाठी औषधाची मात्रा ठरवणारं सॉफ्टवेअर करत होतो. दर शुक्रवारी ग्राहकाला, म्हणजे त्या इस्पितळाला, कामाच्या प्रगतीचा तक्ता जाई, वेळेवर असलेलं काम हिरवं, रखडलेलं लाल. मात्रेची तपासणी बाकी होती, म्हणून मी ती ओळ लाल केली. "लाल कशाक गो? हिरवा कर, मगे बघूया," आमच्या टीमचे प्रमुख असलेले सर म्हणाले. मी म्हटलं, "सर, तपासणीच झाली नाय. हिरवा जावचा नाय." तक्ता तसाच गेला. ग्राहक चिडला, पण त्याने दोन आठवडे दिले आणि तपासणीत लहान मुलांची मात्रा दुप्पट येत असल्याचं सापडलं. पुढच्या शुक्रवारी सर खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले, "सांग गो, खंय अडला?" आज माझ्या टीमला मीही आधी तेच विचारते, कुठे अडलंय?