अर्धं पाऊल

शाळेत मी खेळाची बाई आहे. घरी मोबाईलवर कुस्तीचे शो बघून आलेल्या मुली दर वर्षी एकदा तरी विचारतात, "मॅडम, ते दोरीवर चढून अंगावर उड्या मारतात, ते सगळं खोटं असतं ना?" मी त्यांना मैदानाला दोन चकरा मारायला पाठवते. उत्तर येत नाही म्हणून नाही. येतं, पण मधल्या सुट्टीत सांगून संपण्यासारखं नाही, म्हणून माझी चिडचिड होते. तीन वर्षं मी तेच काम केलं आहे. उड्या मारणारी मी नव्हते. जिच्या अंगावर उडी पडायची, ती मी.

माझं गाव जेऊरपासून जवळ, उजनीच्या पाण्याकाठी. आमच्या गावच्या वस्तादांनी मुलींना तालमीत घेतलं तेव्हा गावानं नाकं मुरडली होती, पण त्यांनी कुणाला भीक घातली नाही. त्यांची शिकवण एका वाक्यात संपायची: पाठ मातीला लागू द्यायची नाही. जेवताना, झोपताना, शाळेत जाताना तेच. मी नऊ वर्षं जत्रांतून कुस्त्या केल्या आणि माझ्या पाठीला डोकं आहे असं मला वाटायला लागलं. जमीन जवळ आली की ती आपोआप वळायची. मी पुढे फार मोठी पैलवान झाले नाही. जिल्ह्याच्या वर गेले की कुणी तरी माझ्याहून भारी निघायची. मग सोलापूरला येऊन मी शारीरिक शिक्षणाच्या कोर्सला नाव घातलं.

तिथं ती भेटली. पूर्व भागातल्या विणकराच्या घरातली, घरी तेलुगू बोलणारी. वडील टॉवेलच्या कारखान्यात मागावर. लहानपणापासून मल्लखांब आणि जिम्नॅस्टिक्स केलेलं. तिला जिना चढताना बघितलं तरी कळायचं, की ही पोरगी पायऱ्यांवर मेहेरबानी करून पाय ठेवते. आमचे एक सर होते, त्यांनी त्याच सुमारास टीव्हीवरच्यासारखी दोरीच्या रिंगणातली कुस्ती जत्रांतून दाखवायला सुरुवात केली होती. त्यांना मुलींची एक जोडी हवी होती. ती हो म्हणाली कारण तिला उडायचं होतं. मी हो म्हणाले कारण माझी खरी कुस्ती संपली होती आणि भोवती बघणाऱ्या गर्दीशिवाय मला करमत नव्हतं.

बंद पडलेल्या एका यंत्रमागाच्या शेडमध्ये आमचा सराव चालायचा. खाली प्लायवूड, त्यावर सुताच्या टाकाऊ गुंत्यांनी भरलेल्या गाद्या. तिची मुख्य उडी अशी होती: सगळ्यात वरच्या दोरीवर चढायचं, हवेत एक कोलांटी घ्यायची आणि माझ्या छातीवर येऊन पडायचं. बघणाऱ्याला वाटतं की उडी मारणारी धोका घेते आणि खालची मार खाते. प्रत्यक्षात खालचीचं काम झेलायचं असतं. दोन्ही हात आणि छाती मिळून तिचं वजन घ्यायचं, हनुवटी आत ओढायची आणि तिच्याबरोबर मागं पडायचं. सपाट, पाठीवर. ते शिकायला मला दोन महिने लागले. दर वेळी पाठ वळायची, दर वेळी सर कपाळावर हात मारायचे आणि ती गादीवरून उठत म्हणायची, "अगं, हरायचं की जरा."

पाठीचं जमलं. उभं राहणं मात्र जमेना. तिला दोरीवर चढून तोल साधायला सात-आठ सेकंद लागायचे. तेवढा वेळ मला खाली उभं राहायचं असे. भेलकांडल्याचं नाटक करत, पण पाय न हलवता. टीव्हीवर कॅमेरा तेवढ्यात दुसरीकडे वळतो. जत्रेत कुणाचे डोळे वळवणार? आणि आमचे प्रेक्षक म्हणजे कुस्ती बघत म्हातारे झालेले लोक. श्रीपूरच्या बाजूला एका गावात ऊसतोडीचे गडी पुढे बसले होते. ती वर चढली, मी डुलत उभी, आणि त्यातला एक शांतपणे म्हणाला, "एस्टीची वाट बघतीया व्हय गं?" सगळं मैदान हसलं. ती उडाली, पडली, मी झेललं, सगळं बिनचूक झालं, आणि लोक अजून एस्टीवरच हसत होते.

मला ते फार लागलं. नऊ वर्षांत माझ्यावर कुणी हसलं नव्हतं. हरले तेव्हाही नाही. मी तिला म्हणाले, आपण उडी बदलू, मी गुडघ्यावर बसते, मी आडवी पडते, काहीही. ती म्हणाली, खाली पडलीस तर माझं वजन कशात घेणार, बरगड्यांत? मग तिनं माझे दोन्ही हात धरले आणि बजावलं, "तू खोटी दिस. हसतात तर हसू दे. मी वरून तुझ्याशिवाय दुसरं काही बघत नाही." आम्ही खूण ठरवली. मी दोन्ही तळवे छातीपाशी आणले की ती सुटणार, त्याच्या आधी नाही. अशा कितीतरी खुणा आमच्यात होत्या: केस ओढताना, कानाखाली मारताना, उचलून आपटताना. एकच ठरवायची राहिली. खरंच लागलं तर काय म्हणायचं, ती.

तिसऱ्या वर्षी आमच्या गावच्या जत्रेत शो ठरला. मी एक दिवस आधीच घरी गेले. संध्याकाळी वस्ताद आले, ओट्यावर बसले, चहा घेतला. त्यांनी आमचा शो शेजारच्या गावात बघितला होता, हे मला माहीत नव्हतं. मी काही बोलायच्या आधीच ते म्हणाले. "ती पोरगी उडतीया ते खरं हाय. जिवावर उदार हून उडतीया. खोटी तूच हायस. ती चढंस्तवर तुला पळाया येत न्हाय व्हय?"

मी समजावून सांगायला हवं होतं, की वस्ताद, उभं राहणं हेच माझं काम आहे. मी त्यांचा रिकामा कप उचलून आत नेला. ज्यांनी मला उभं राहायला शिकवलं त्यांना उभं राहण्याबद्दल काय सांगणार, असं वाटलं. रात्रभर मी कूस बदलत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला शो सुरू झाला. वस्ताद पहिल्या रांगेत, शेजारी माझे वडील, मागे अख्खं गाव. ती दोरीवर चढली. मी डुलत उभी राहिले. हशा सुरू झाला. मी तळवे छातीपाशी आणले. ती सुटली. आणि त्याच क्षणी गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "सरक की!"

मी सरकले. फार नाही, अर्धं पाऊल. डावा पाय मागे गेला, खांदा वळला आणि माझ्या पाठीनं आपली जुनी सवय दाखवली. तिचा हात माझ्या दंडाला घासून गेला आणि ती कापडाखालच्या प्लायवूडवर खांद्यानं आदळली. तो आवाज मी विसरू शकत नाही. त्याहून जास्त मला त्यानंतरचा आवाज आठवतो. सगळं गाव उठून उभं राहिलं होतं. शिट्ट्या, टाळ्या, टोप्या हवेत. तीन वर्षांत पहिल्यांदा कुणी हसत नव्हतं. खरं सांगते, त्या दोन-तीन क्षणांत मला आनंद झाला होता. तो आनंद मला अजून छळतो.

मला वाटलं, पडली तरी तिनं सांभाळून घेतलं असणार, ती नेहमीच घेते. ती डोळे मिटून कण्हत होती, पण कण्हणं हा तर आमचा रोजचाच धंदा. ठरल्याप्रमाणे मी पुढचा डाव घेतला. तिचा हात धरला आणि तिला उठवायला ओढलं. तिनं डोळे उघडले आणि अगदी हळू, जणू कुणाला कळू नये म्हणून, म्हणाली, "हात सोड. हे खरंय."

तरीही एक क्षण मी तो हात धरूनच होते. हेही ती मस्त करते आहे, असं माझ्या मनात आलं होतं. पंच बाजूला उभा राहून आकडे मोजायच्या तयारीत होता. सर खालून टाळ्या वाजवत होते. दोऱ्यांखालून आत आले ते फक्त वस्ताद. त्यांनी मातीत मोडलेली हाडं बघितली होती. त्यांनी मला खांद्यानं बाजूला ढकललं, स्वतःचा पटका सोडून तिचा हात छातीशी बांधला आणि जीप मागवली. माझ्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही.

कॉलरबोन मोडली होती, खांद्याचा सांधा निखळला होता. ऑपरेशन झालं, आत स्टीलची पट्टी बसवली. काय झालं, असं सगळ्यांनी विचारलं. मी म्हणाले, पाय घसरला. रिंगणातलं कापड घामानं ओलं होतं, ते सगळ्यांना पटलं. तिलाही पटलं असावं. तिच्या घरी गेले की तिची आई मला आधी जेवायला वाढायची आणि मी रडायला लागले की पदरानं माझं तोंड पुसायची. "रडू नको बिड्डा, लेकरा. तू मुद्दाम केली काय?" त्यांच्या घरचा भात मी अर्धा ताटात टाकायचे, तरी मी जायचे. न जाणं त्याहून वाईट दिसलं असतं.

पाच महिन्यांनी डॉक्टरांनी तिला हळूहळू सराव करायला परवानगी दिली. आम्ही दोघीच शेडवर गेलो. गाद्या दुप्पट घातल्या. ती वरच्या दोरीवर चढली, मी समोर उभी राहिले, तळवे वर आणले. ती सुटली नाही. बराच वेळ वर थांबली, मग बसली आणि एकेक दोरी करत खाली उतरली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. ती म्हणाली, "तुझा राग नाही गं. पायच सुटत नाहीत." जिनं लहानपणापासून खाली न बघता उड्या मारल्या, ती आता माझ्या पायांकडे बघत राहायची.

चौथ्या दिवशी ती वर चढलीच नाही. गादीवर माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "एक सांग. तुझा पाय घसरला होता का?"

मी पाच महिने ज्या उत्तरावर जगत होते ते तोंडाशी आलं होतं. तिचा तो खांदा समोर होता, टाक्यांची खूण टी-शर्टच्या गळ्याबाहेर आलेली. मी म्हणाले, नाही. कुणी तरी ओरडलं आणि मी सरकले. लोक हसत होते ते मला सहन झालं नाही. वस्तादांचं बोलणंही सांगितलं. माझा झालेला आनंदही सांगितला. मला वाटलं, आता ती उठेल आणि आमचं बोलणं इथंच संपेल. तसं झालं असतं तर मी काही म्हणू शकले नसते.

तिनं मनगटावरची पट्टी सोडून पुन्हा गुंडाळली. मग म्हणाली, "मग बरं झालं. घसरलेल्या पायाचं काय करणार? तो केव्हाही घसरंल. सरकलेला पाय आहे, तर तो थांबंल की."

मला हे कळायला थोडा वेळ लागला. पाच महिने मी तिला माझ्या खोट्यानं जपते आहे असं समजत होते, आणि त्याच खोट्यानं तिला दोरीवर अडकवून ठेवलं होतं. नशिबावर कुणी कशी उडी मारणार? माणसावर मारता येते. निदान तिला तसं वाटत होतं.

ती उठली, चढली. पत्र्याच्या फटींतून दुपारचं ऊन येत होतं. शेडमध्ये हसायला कुणी नव्हतं. माझे पाय जागेवर होते. मी तळवे छातीपाशी आणले. ती सुटली, वळली आणि सगळ्या वजनानिशी माझ्या छातीवर आली. मी हनुवटी आत घेतली, पाठ गादीला टेकवली, सपाट. दोघी तशाच पडून राहिलो. मी हुंदके देत होते आणि माझ्या प्रत्येक हुंदक्याबरोबर ती माझ्या छातीवर वरखाली होत होती, त्याचं तिला हसू आलं.

मग ती बाजूला होऊन बसली. खांदा चाचपून बघितला. माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "आणि आत्ता कुणी ओरडलं असतं तर?"

थांबले असते, हे म्हणणं किती सोपं होतं. तिला तेच ऐकायचं होतं, मला तेच म्हणायचं होतं. पण मी मनातल्या मनात ते गाव पुन्हा बसवलं, वस्ताद पुढच्या रांगेत, तो आवाज, आणि माझ्या पाठीत काहीतरी हललं.

मी म्हणाले, "ठाऊक नाही गं."

तिनं मान हलवली. माझ्या खांद्यावर हात टेकवून ती उभी राहिली, पट्ट्या सोडून पिशवीत टाकल्या. आज ती मुलींना मल्लखांब शिकवते, आणि दर रविवारी मी तिच्या घरी जेवायला असते. पण त्या दिवसानंतर ती दोरीवर चढली नाही.