धाकट्याला ज्यानं अग्नी दिला

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावरच असायचा. आता म्हातारपणी तो उतरला, पण उतरून काय उपयोग? ज्याच्यावर काढायला नको होता, त्याच्यावर तो केव्हाच काढून झाला.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. आमची शेती उंद्रीला. वडील आधीच गेलेले. धाकटा भाऊ मलकापूरच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये इंजिनाचं काम शिकला आणि एका इंजिनवाल्या व्यापाऱ्याबरोबर पार बंगालात गेला, भाताच्या गिरण्या बसवायला. गाव असं, की तिथून पुढं नद्या आणि चिखल, आणि मग समुद्र. वर्षभरानं तिथून तार आली. ताप येऊन दोन दिवसांत तो गेला होता.

आई रडली नाही. तिनं पितळेची लोटी घासून लख्ख केली, तिच्या तोंडाला बांधायला पांढरं फडकं दिलं आणि म्हणाली, "माह्या लेकाचे हाडं घेऊन ये. त्याचा बाप पैनगंगेत गेला, हाही तिथंच जाईन." दहाव्याच्या आत मी परत यायचं ठरलं. तोवर ती दारातून हलणार नव्हती, हे मला ठाऊक होतं.

मलकापूरहून हावड्याची गाडी, तिथून दुसरी गाडी, मग लाँच. लाँचमध्ये बसलो तर नदी उलटी वाहत होती. म्हटलं, झोप नाही म्हणून डोकं फिरलं आपलं. शेजारच्यानं हातवारे करून समजावलं, भरती आहे, दिवसातून दोनदा समुद्र आत येतो. गावात बांधावरून जाणारा एकच रस्ता, दोन्ही बाजूंना पेंढ्यानं शाकारलेली घरं आणि घरामागं तळं. आमच्या काळ्या मातीत पाय फसला तर निघतो तरी. तिथल्या चिखलानं माझी एक चप्पल कायमची ठेवून घेतली. बोली सगळी बंगाली, एक अक्षर कळेना. पण माझा चेहरा धाकट्यासारखा. मला बघून बाजारातली माणसं एकेक करून उठून उभी राहिली.

पोस्टमास्तरला हिंदी येत होती. तो मला धाकट्याच्या घरमालकाकडं घेऊन गेला. घरमालक म्हणजे कापडाचं लहानसं दुकान चालवणारा म्हातारा. ओसरीवर चटई टाकून बसला होता. अंगाला एकच पांढरं कापड गुंडाळलेलं, पाय उघडे, दाढी वाढलेली, गळ्यात दोरीला लोखंडी किल्ली. मी त्याच्याकडं धड पाहिलंही नाही. लोटीवरचं फडकं सोडलं आणि पोस्टमास्तरला म्हटलं, अस्थी द्यायला सांगा.

पोस्टमास्तरनं मान खाली घातली. मग हळूहळू सांगितलं, की आपल्याकडं तिसऱ्या दिवशी राख सावडतात तसं तिथं नसतं. चिता विझली की उरलंसुरलं मातीच्या भांड्यात घेऊन तिथल्या तिथं नदीत सोडतात. धाकट्याचंही त्याच संध्याकाळी सोडलं होतं. अग्नी या म्हाताऱ्यानं दिला होता.

माझा तोलच गेला. "कोनाले इचारून केलं तुमी? आमी मेलो होतो का?" मी त्या म्हाताऱ्याच्या अंगावर धावून गेल्यासारखा ओरडलो. पोस्टमास्तरनं ते त्याला सांगितलं नाही, पण शिवीला का कुठं दुभाषा लागतो? म्हाताऱ्यानं हात जोडले. आत जाऊन धाकट्याची पेटी आणली. त्याची हत्यारं तेलाच्या फडक्यात नीट गुंडाळून ठेवलेली होती. घरातल्या बाईनं मला पान वाढलं. मी जेवलो नाही, तसाच ओसरीवर पडून राहिलो.

सकाळी लाँच सुटायची होती आणि माझ्यापुढं नुसता आईचा चेहरा. घरामागं तीन विटांची एक वेगळी चूल मांडलेली दिसली. तिच्यातली राख मी लोटीत भरली आणि फडकं बांधलं. वर पाहतो तर तळ्याच्या काठी म्हातारा उभा, आंघोळ करून ओलेत्यानं. त्यानं सगळं पाहिलं होतं. त्यानं दुसरीकडं तोंड केलं.

धक्क्यावर पोस्टमास्तरनं मला सांगितलं ते आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. त्यांच्याकडं जो अग्नी देतो तो घरचा होतो. लेकरानं बापाचं पाळावं तसं हा म्हातारा धाकट्याचं सगळं पाळत होता. एकवस्त्र, अनवाणी, गळ्यात लोखंड, आणि दिवसातून एकदा स्वतःच्या हातानं वेगळ्या चुलीवर शिजवलेला भात. घर हाकेच्या अंतरावर होतं. लाँच सुटायला वेळ होता. पण कोणत्या तोंडानं जायचं? मी लाँचमध्ये चढून बसलो.

नवव्या दिवशी घरी पोचलो. आई दारातच होती. तिनं फडकं सोडलं, लोटीत हात घातला, तळापर्यंत चाचपलं. चिमूटभर राख बोटांत चोळली.

"यात हाड कुठं हाय?" मग माझ्याकडं न बघताच म्हणाली, "ही चुलीतली राख हाय. जलमभर हिनंच भांडे घासले म्या."

अग्नी कुणी दिला, म्हातारा काय काय पाळतोय, राख कुठली, मी सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता ही ऊर बडवून घेईल. तिनं त्या म्हाताऱ्याबद्दल विचारलं. वय किती, मुलंबाळं किती, तापात पोराच्या उशाशी कोण होतं. मला यातलं एकही माहीत नव्हतं, मी विचारलंच नव्हतं.

"म्हंजे दोन घरी सुतक हाय त्याचं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पैनगंगेवर दहावा केला. लोटीतल्या राखेचं काय करायचं म्हणून मी घुटमळलो, तर आई म्हणाली, त्या माणसाच्या चुलीची आहे ना, मग सोड. मी राख पाण्यात सोडली. परत येताना बैलगाडीत तिनं एवढंच विचारलं, "त्याच्या पाया पडला ना तू?"

मी हाव म्हटलं.

पुढं पंचवीस वर्षं ती जगली. धाकट्याची गोष्ट निघाली की येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, माझा थोरला तापट आहे, पण त्या देवमाणसाच्या पाया पडून आला.