सोड म्हणालो आणि गेलो नाही

मी ‘सोड’ म्हणून ओरडलो आणि पुढे गेलोच नाही. माझी चूक एवढीच. फुटबॉल न पाहिलेल्या माणसाला ती मोठी वाटणार नाही, म्हणून आधी नीट सांगतो. मी आमच्या कंपनीच्या टीमचा गोलकीपर होतो. गोलसमोर आलेला चेंडू कोणी घ्यायचा हे गोलकीपर ठरवतो, कारण सगळं मैदान त्याच्या डोळ्यांसमोर असतं. त्यानं ‘सोड’ म्हटलं की पुढच्या बॅकनं, म्हणजे गोलसमोर बचावाला उभ्या असलेल्या खेळाडूनं, चेंडू सोडायचा आणि गोलकीपरनं पुढे येऊन तो घ्यायचा. वळून बघायचं नाही, विचारायचं नाही.

आमचा बॅक मोशीचा, विशी ओलांडलेला, अंगानं सडसडीत. देहूरोडच्या छावणीत दूध घालता घालता तो तिथल्या शिपायांबरोबर खेळायला लागला आणि त्यांच्यातच शिकला. पिंपरीच्या माळावर तेव्हा कारखाने उभे राहत होते. आमच्या साहेबांना फुटबॉलचं वेड होतं. त्यांनी त्याचा खेळ पाहिला आणि त्याला टेंपररी म्हणून भरती करून घेतलं. सीझन चांगला गेला तर परमनंट. घरची शेती थोडी, खाणारी तोंडं फार, त्यामुळे त्या एका शब्दावर मोशीचं अख्खं घर डोळे लावून बसलं होतं.

मी त्याच्या मागे उभा असायचो. त्याच्या तोंडापेक्षा त्याची पाठच माझ्या जास्त ओळखीची. समोरचा फॉरवर्ड चेंडू घेऊन नाचत यायचा, हूल द्यायचा, आणि आमचा बॅक मात्र आधीपासूनच बरोबर जागेवर उभा असायचा, जसं काही दोघांचं आदल्या दिवशी ठरलं होतं. हे त्याला जमतं कसं, या विचारानं मला चैन पडेना. शेवटी विचारलंच.

“चेंडूकडं बघायचंच न्हाई, भाऊ,” तो म्हणाला. “चेंडू फसवतोय. कंबर न्हाई फसवत. मानूस जिकडं जानार, तिकडं आधी त्येची कंबर जाती.”

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये चहाच्या रांगेत मी लोकांच्या कमरा न्याहाळत उभा राहिलो. कोण कुठल्या बाकाकडे वळेल ते खरंच आधी कळत होतं. कॅन्टीनवाला मात्र वैतागला. “काय राव, कुणाला करगोटा करायचाय का?”

कंपनीनं त्याला बूट दिले होते. ते तो गळ्यात अडकवून मैदानावर यायचा आणि गोलच्या खांबापाशी ठेवून द्यायचा. पायाला पट्ट्या बांधून अनवाणी खेळायचा. “बुटात पायाला ऐकू येत न्हाई,” म्हणायचा. सामन्याआधी सगळ्या मैदानावर चालून यायचा. मुरूम कुठे सुटला आहे, चेंडू कुठे उसळेल, ते त्याला तळव्यांनी समजायचं. एकदा मीही चप्पल काढून त्याच्या मागे फिरलो. मला फक्त बाभळीचे काटे समजले.

शील्ड स्पर्धेच्या शेवटच्या सामन्यात समोर खडकीकडची लष्करी टीम होती. सगळे बूटवाले. खेळ संपत आला तरी बरोबरीच होती. एक उंच चेंडू आमच्या गोलसमोर उतरला. बॅक त्याच्याखाली होता, डोक्यानं सहज बाहेर घालवला असता. मी सवयीनं ओरडलो, “सोड!” तो लगेच बाजूला झाला. तेवढ्यात त्यांचा आडदांड फॉरवर्ड धावत येताना दिसला. त्याच्या बुटाचे खिळे दिसले. माझे पाय जागच्या जागी थिजले. चेंडू माझ्यासमोर टप्पा खाऊन उसळला आणि त्यानं तो आत ढकलला. त्या एका गोलनं शील्ड गेली.

माझी हाक गलक्यात कडेला बसलेल्यांना किंवा दूरच्या खेळाडूंना ऐकू गेली नव्हती. त्यांना दिसलं ते इतकंच की, बॅकनं डोक्यावर आलेला चेंडू सोडून दिला. साहेब मैदानात आले. सगळ्यांसमोर म्हणाले, “उभ्या उभ्या झोपणारा बॅक मला नको.” बॅकनं माझ्याकडे एकदा पाहिलं. त्यानंतर तो पायाच्या पट्ट्या सोडायला खाली बसला.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. माझी नोकरी पक्की होती, ती कोणी काढून घेणार नव्हतं. गेली असती तर फक्त माझी अब्रू. तरीही मी गप्प राहिलो.

त्याची नोकरी गेली. पुढे तो बोलावेल त्याच्याकडून खेळला. कधी पुण्याच्या क्लबाकडून, कधी मुंबईच्या एखाद्या गिरणीच्या टीमकडून, सामन्यापुरते पैसे घेऊन. दोनेक वर्षांनी कळलं की गुडघा गेला आणि तो गावी परतला. मला दोन गोष्टी जाणून घ्यायच्या होत्या. त्यानं माझी हाक खरंच ऐकली होती का? आणि ऐकली होती तर बोलला का नाही? एका सुट्टीच्या दिवशी भोसरीवरून सायकल हाणत मी मोशीला गेलो.

इंद्रायणीच्या काठाला कांद्याचं रान. बांधावर त्याचे वडील बसले होते. मी कंपनीतला म्हटल्यावर म्हाताऱ्यानं रानात काम करणाऱ्या मुलाला हाक मारली, “ए झोपाळू! पावनं आल्याती, जागा हाईस न्हवं?” आणि मला म्हणाला, “साऱ्या गावात ह्येचं हेच नाव पडलंय. लाख मोलाची नोकरी झोपून घालवली ह्यानं.”

तो लंगडत आला, हसला. पाणी आणायला विहिरीकडे निघाला, तसा मीही मागोमाग गेलो.

“मी ‘सोड’ म्हणालो, ते तू ऐकलं होतंस?”

“व्हय की. म्हनून तर सोडला.”

“मग साहेबांना सांगितलं का नाहीस?”

त्यानं पोहरा विहिरीत सोडला. “सांगितलं असतं, तर तुमच्या ‘सोड’वर परत कुनी चेंडू सोडला असता का? तुमाला त्याच खांबात उभं ऱ्हायाचं व्हतं, भाऊ. मला वाटलं, दुसऱ्या दिशी तुमीच सांगशिला.”

“आणि घरी?”

“घरी सांगून काय? खरं वाटाया नगं?”

पाण्याची कळशी मी त्याच्या हातातून घेतली आणि आम्ही दोघं बांधावर परत आलो. म्हाताऱ्यासमोर ती खाली ठेवली, पण मला बसवेना.

“बाबा,” मी म्हणालो, “तुमचा मुलगा झोपला नव्हता. मी गोलकीपर होतो. मी त्याला चेंडू सोडायला सांगितला आणि घाबरून पुढे गेलो नाही. नंतर साहेबांसमोर गप्प बसलो. त्याची नोकरी माझ्यामुळे गेली. उद्या साहेबांनाही हेच सांगणार आहे, पण आधी तुम्हाला सांगायला हवं होतं. माझं चुकलं. तुम्ही दोघांनी मला माफ करा.”